तिखटाच्या पाण्याने हार्ट अटॅक थांबत नाही

‘चमचाभर लाल तिखट कोमट पाण्यातून पाजा, हार्ट अटॅक मिनिटभरात थांबतो.’ हा मेसेज काळजीपोटीच पुढे पाठवला जातो. पण अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी बहुधा रक्ताच्या गुठळीने बंद पडते. तिखट जातं पोटात, त्याने ती मोकळी होत नाही. उलट ठसका लागतो, उलटी होते आणि लाखमोलाची मिनिटं निघून जातात. ठेच्यात, रश्श्यात मिरची हवीच. तिच्यातल्या कॅप्सेसिन या झणझणीत घटकाचा औषधी उपयोगही खरा आहे, पण तो सांधेदुखीवर वरून लावायच्या मलमात. काही ट्यूबांवर घटकांत हे नाव छापलेलं असतं, वाचून बघा. अटॅक आला तर काय करायचं, ते आपल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. छातीत दाब, दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली, तर थेट १०८ लावा.