मोज्यांच्या कंपनीने बारसं केलेला बँड

फ्रान्समध्ये रॉक अँड रोल आला तो टिंगलीच्या वाटेने. १९५६ साली बोरिस व्हियाँ, आँरी साल्वादोर आणि मिशेल लग्रां या संगीतातल्या जाणत्या मंडळींनी ‘हेन्री कॉर्डिंग’ या खोट्या नावाने चार गाणी काढली, ती या अमेरिकी खुळाची खिल्ली उडवायला. पोरांनी मात्र ते खूळ मनावर घेतलं.

पॅरिसमध्ये त्यांचा अड्डा होता गोल्फ-द्रुओ. आत चक्क छोटा गोल्फ खेळायची सोय, आणि कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. आँरी लप्रू ही जागा चालवायचे. फ्रेंच रॉक गायक जॉनी हॅलिडे इथलाच, आणि क्लोद म्वानही. हा पॅरिसच्या बेलव्हिल वस्तीतला मुलगा क्रेदी लिओने बँकेत निरोप्याची कामं करायचा. पुढे तो एडी मिचेल झाला. त्यातलं ‘एडी’ आलं नट एडी कॉन्स्टंटाइनवरून.

१९६० मध्ये त्याचा बँड जमला, ‘फाइव्ह रॉक्स’. एडी बार्कले यांच्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारात घेतलं आणि रुबे शहरातल्या लोकरीच्या गिरणीशी सौदा केला. गिरणीला आपले ‘स्टेम’ मोजे खपवायचे होते. झालं, बँड ‘ले शोसेत न्वार’ म्हणजे ‘काळे मोजे’ झाला. बारसं ठरवताना पोरांना कुणी विचारलंच नाही, असं सांगतात! नाव बसलं मात्र नेमकं. १९५९ च्या उन्हाळ्यापासून फ्रेंच वृत्तपत्रं टवाळ पोरांना ‘काळी जाकिटं’ म्हणून झोडपत होती. त्याच काळ्या रंगाला इथे गिरणीचा शिक्का मिळाला.

१९६१ च्या सुरुवातीला पहिली रेकॉर्ड आली. त्यात जो जोन्सच्या ‘यू टॉक टू मच’चं फ्रेंच रूप होतं, आणि ‘बी-बॉप-अ-लुला’ही. २४ फेब्रुवारीला पॅरिसच्या पॅले दे स्पोर या क्रीडागृहात रॉकचा पहिला मोठा जलसा झाला, तिथे हॅलिडेबरोबर हा बँडही होता. त्याच वर्षी ‘दानिएला’ गाजलं. ते एका चित्रपटासाठी जॉर्ज गारव्हारेन्झने रचलेलं संथ प्रेमगीत, धांगडधिंग्याशी त्याचा फारसा संबंध नाही. मला तरी वाटतं, बँड घरोघरी पोचला तो या गाण्यामुळेच. नीसहून गायक डिक रिव्हर्सचा बँड ‘ले शा सोव्हाज’ म्हणजे ‘रानमांजरं’ही लगोलग स्पर्धेला उतरला.

बँड मोडला तो स्पर्धेमुळे नाही. त्या काळी फ्रेंच तरुणांना लष्करी सेवा सक्तीची होती, आणि १९६२ मध्ये मिचेललाही बोलावणं आलं. गायकच छावणीत, मग बँड रजेच्या दिवसांपुरता उरला. १९६३ पर्यंत मिचेल स्वतःच्या नावावर रेकॉर्ड काढत होता.