कापसाची वात आणि मधातलं औषध

"मधात बुडवलेली वात पेटली, थेंब पाण्यात तळाशी गेला, की मध शुद्ध, फवारणीचा अंशही नाही." हा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे.

घट्ट साखरेचा पाकही तळाशीच जातो. घरी करून बघा. वातीवरून फार तर मधात पाणी जास्त आहे का, एवढं कळतं. फवारणीच्या औषधाचा, म्हणजे कीटकनाशकाचा, अंश मोजतात किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या १० लाखाव्या भागात. तो ना दिसतो, ना चवीला लागतो.

मग डोळ्यांसमोर कापलेलं मोहोळ? साखर मिसळल्याची शंका फिटली, इतकंच. माशी २-३ किलोमीटर सहज फिरते. धुऱ्यावरच्या मोहोळातली माशी शेजारच्या वावरात, फवारलेल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) फुलावरही बसतेच. आणि मेणात असे अंश बरेचदा मधापेक्षा जास्त साठतात, हे पोळं चघळणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. खात्रीच हवी तर प्रयोगशाळेत कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी वेगळी मागावी. साखरेच्या भेसळीच्या चाचणीत ते सापडत नाहीत.