स्कोअरबुकचं शेवटचं पान कसं भरायचं?

शेवटच्या पानावर प्रत्येक खेळाडूसाठी एक ओळ आहे. ती भरताना क्रिकेटचा हिशेब बाजूला ठेवा, कारण बेसबॉलच्या बॅटिंग सरासरीत धावांचा संबंधच नाही. हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं) भागिले ॲट-बॅट (हिशेबात धरलेली बॅटिंगची पाळी), तीन दशांश स्थळांपर्यंत. सुरुवातीचं शून्य लिहीत नाहीत.

खरी गडबड होते ती ॲट-बॅट मोजताना. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळालेला बेस), चेंडू अंगावर बसून मिळालेला बेस, सॅक्रिफाइस बंट आणि सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः आऊट होऊन सहकाऱ्याला पुढे सरकवणारा हलका टोला किंवा उंच फटका) त्यात धरायचे नाहीत. क्षेत्ररक्षकाच्या एररमुळे किंवा फील्डर्स चॉइसवर (क्षेत्ररक्षकाने दुसऱ्याच धावपटूला बाद करायचं ठरवल्यामुळे) बेस मिळाला, तर ॲट-बॅट धरायची, हिट मात्र द्यायची नाही. घरच्या खेळाडूला इथे हमखास एक हिट जास्त मिळते!

मोठ्या लीगमध्ये .३०० म्हणजे उत्तम. पण नुसती सरासरी वॉक लपवते. बॅरी बाँड्सचा २००४चा मोसम घ्या: ३७३ ॲट-बॅट, १३५ हिट, म्हणजे .३६२. त्याच मोसमात त्याला २३२ वॉक मिळाले, ९ वेळा चेंडू लागला, ३ सॅक्रिफाइस फ्लाय झाले. ऑन-बेस टक्केवारीत, म्हणजे किती पाळ्यांत बेस मिळाला या हिशेबात, वॉक आणि चेंडू लागणं भागाकाराच्या वर-खाली दोन्हीकडे मिळवतात, सॅक्रिफाइस फ्लाय फक्त खाली: ३७६ भागिले ६१७, म्हणजे .६०९. एकच रकाना भरायला वेळ असेल तर हा भरा.

स्लगिंगसाठी, म्हणजे फटक्यांवर किती बेस मिळाले ते पाहायला, सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३, होमरनला ४ धरून बेरजेला ॲट-बॅटने भागा.

पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) ई.आर.ए., म्हणजे पूर्ण सामन्यामागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी: अर्न्ड रन (त्याच्या नावावर धरलेल्या धावा) गुणिले ९, भागिले इनिंग. सामनेच सात इनिंगचे असतील तर ७ने गुणा, लिटल लीगच्या सहा इनिंगसाठी ६ने. एररमुळे झालेली धाव पिचरच्या नावावर नाही. एरर झाली नसती तर तिसरा आऊट आधीच झाला असता, अशा वेळी त्यानंतर त्या इनिंगमध्ये त्याने दिलेल्या धावाही नाहीत. आणि ६.२ इनिंग म्हणजे सहा पूर्ण अधिक दोन आऊट, षटकांसारखंच. तीन अर्न्ड रनवर खरा ई.आर.ए. ४.०५ येतो, कॅल्क्युलेटरवर थेट ६.२ दाबलं तर ४.३५.

पिचरच्या विजयांचा रकाना आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. २०१८मध्ये जेकब डीग्रॉमचा ई.आर.ए. १.७० होता, त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळाला. त्याच्या नावावर विजय होते १० आणि पराभव ९, कारण त्याच्या संघाला धावाच जमत नव्हत्या.