'फोररनर म्हणजे आपणच' : हेलोमधील एका सिद्धांताची पार्श्वभूमी

सुमारे एक लाख वर्षांपूर्वी अवकाशात शस्त्र म्हणून अवाढव्य कडी बांधून आकाशगंगेतून नाहीसे झालेले फोररनर हे प्रगत लोक नेमके कोण होते, हा हेलो या गेम-मालिकेच्या चाहत्यांमधील सर्वांत जुन्या वादांपैकी एक आहे. फोररनर म्हणजे स्वतःचा भूतकाळ विसरलेली मानवजातच, असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. पुढे अधिकृत कथेने वेगळे उत्तर दिल्यामुळे आता या सिद्धांताकडे निव्वळ कल्पनाविलास म्हणून पाहिले जाते. मला ते अन्यायाचे वाटते, कारण त्याचे पुरावे खुद्द गेममध्येच होते.

असे पुरावे शोधण्याची सवय हेलोच्याही आधीची आहे. हेलो घडवणाऱ्या बंजी या कंपनीच्या १९९४ मधील 'मॅरेथॉन' या गेमची कथा मुख्यतः भिंतींवरच्या टर्मिनलांतील, म्हणजे संगणकाच्या पडद्यांवरील, मजकुरातून उलगडत असे आणि खेळाडू तो मजकूर ओळ न् ओळ वाचत. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला 'हेलो' आला, तेव्हा यांतील अनेकजण तीच काटेकोर नजर घेऊन त्याकडे वळले.

त्यांना भरपूर सापडले. कड्याची देखभाल करणारे यंत्र, ३४३ गिल्टी स्पार्क, नायक मास्टर चीफला 'रिक्लेमर', म्हणजे आपले परत घेणारा, असे संबोधते. हे कडे पेटवायचे, म्हणजे हे शस्त्र चालवायचे, की नाही असे तुम्ही मागच्या वेळी मला विचारले होते, असेही ते त्याला सांगते. वास्तविक चीफ तिथे प्रथमच आलेला असतो. शेवटच्या टप्प्यात मानवी जहाजातील माहितीसाठा हाती लागताच ते 'आपल्या' हरवलेल्या काळाची नोंद मिळाल्याचा आनंद व्यक्त करते. मानवी इतिहासाला फोररनरांचे यंत्र 'आपला' का म्हणते? या एका सर्वनामावर सिद्धांताचा बराचसा डोलारा उभा राहिला, आणि वाचनाची शिस्त म्हणून पाहिले तर तो योग्यच पायावर उभा होता.

सप्टेंबर २००७ मधील 'हेलो ३' मध्ये प्रकरण तडीस गेल्यासारखे वाटले. तुम्ही माझ्या निर्मात्यांचे अपत्य आहात, त्यांनी मागे ठेवलेल्या सर्वस्वाचे वारस आहात आणि तुम्हीच फोररनर आहात, असे स्पार्क चीफला तोंडावर सांगतो. परंतु त्याच गेममधील टर्मिनलांत लायब्रेरियन आणि डायडॅक्ट या दोन फोररनरांचा पत्रव्यवहार आहे. त्यात लायब्रेरियन एका दूरच्या ग्रहावरील रहिवाशांविषयी लिहिते आणि त्यांना वाचवण्यासाठी धडपडते. तो ग्रह पृथ्वी असल्याचे संदर्भावरून कळते. माणसे फोररनरच असती, तर लायब्रेरियनने त्यांच्याविषयी नव्यानेच भेटलेल्या जिवांसारखे लिहिले नसते. एकाच कलाकृतीत दोन्ही बाजूंना सबळ आधार मिळाल्यामुळे वाद मिटण्याऐवजी अधिकच पेटला. 'अपत्य' आणि 'वारस' हे शब्द रक्ताच्या नात्याने घ्यायचे की दत्तक घेतल्याच्या अर्थाने, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

त्याच वर्षी बंजी मायक्रोसॉफ्टपासून स्वतंत्र झाली आणि पुढे मालिकेची सूत्रे मायक्रोसॉफ्टच्याच ३४३ इंडस्ट्रीज या स्टुडिओकडे गेली. ग्रेग बेअर यांच्या फोररनरांवरील कादंबरी-त्रयीचा पहिला भाग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१२ मध्ये 'हेलो ४' आला. माणसे आणि फोररनर या वेगळ्या जाती होत्या, प्राचीन माणसांचेही ताऱ्यांमध्ये पसरलेले साम्राज्य होते, फोररनरांशी झालेल्या युद्धात ते हरले आणि शिक्षा म्हणून त्यांना पुन्हा आदिम अवस्थेत ढकलण्यात आले, असा खुलासा त्यांतून झाला. म्हणजे माणसांनी गमावलेला वैभवशाली भूतकाळ हा सिद्धांताचा गाभा खरा ठरला. तो वैभवकाळ फोररनरांच्या नावावर मात्र नव्हता. मला हा खुलासा जुन्या वाचनाची चूक दाखवणारा वाटत नाही. नव्या लेखकांनी केलेली ती निवड होती.

त्रयीच्या २०१२ मधील दुसऱ्या भागात आणखी एक गोष्ट उघड झाली. गिल्टी स्पार्क हा मुळात चाकस नावाचा माणूस होता आणि मरणासन्न अवस्थेत त्याचे मन यंत्रात उतरवले गेले होते. हे समजल्यावर पहिल्या गेममधील ते सर्वनाम पुन्हा ऐकावे. मानवी इतिहास पाहून 'आपला हरवलेला काळ' म्हणणारा स्पार्क तेव्हा स्वतःच्याच माणसांविषयी बोलत असल्याचे जाणवते.