तळं एक, ट्राउट तीन, पण सोयरीक नाही

आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेवर लॉख मेल्विन नावाचं सरोवर आहे, वीस-बावीस चौरस किलोमीटरचं, पण त्यात ब्राऊन ट्राउट या माशाचे तीन प्रकार राहतात आणि तिथल्या मासे पकडणाऱ्यांनी त्यांना कधीपासूनच तीन नावं देऊन ठेवलीयत, गिलारू, सोनाघन आणि फेरॉक्स.

गिलारू एकदम देखणा, सोनेरी अंगावर मोठे लालभडक ठिपके. हा तळाशी गोगलगायी खातो, कवचासकट, आणि त्यामुळे जठराची भिंत इतकी जाड असते की कोंबडीच्या कलेजी-पेठ्यातला पेठाच आठवावा. सोनाघन काळपट, मधल्या पाण्यात बारीक जीव टिपत फिरतो. फेरॉक्स मोठा होतो आणि दुसरे मासे खातो.

आता कुणीही म्हणेल की मासा एकच, खाणं वेगळं म्हणून रूप वेगळं. पण बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माशांची प्रथिनं जेलीसारख्या थरातून विजेने पळवून त्यांच्या पट्ट्या बघितल्या (पट्ट्यांतला फरक म्हणजे जनुकांतला फरक), या तिघांत संकर होत असता तर जनुकं केव्हाच एकमेकांत मिसळून गेली असती, पण तसं झालेलं नाही, तिघांचे जनुकीय साचे वेगवेगळे, आणि पुढे डीएनएनेही तेच सांगितलं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते कारण. ट्राउट जिथे जन्मतो तिथेच अंडी घालायला परत जातो. गिलारू जातो सरोवरातून बाहेर पडणाऱ्या ड्रोझ नदीत, सोनाघन आत येणाऱ्या छोट्या नद्या-ओढ्यांत आणि फेरॉक्स ग्लेनॅनिफ नदीच्या खालच्या खोल पात्रात. वर्षभर एकाच पाण्यात वावरतात पण विणीच्या वेळी वाटा वेगळ्या, आणि हे हिमयुगानंतर मासे इथे आले तेव्हापासून हजारो वर्षं चालू आहे!

म्हणूनच सरोवरात ट्राउट किती आहेत एवढंच मोजून भागत नाही. मासे कमी झाले की हॅचरीतलं, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातलं, बीज आणून सोडायचं हा उपाय मला अशा ठिकाणी धोक्याचाच वाटतो, कारण ते बाहेरचे मासे स्थानिकांशी जुळले तर हजारो वर्षांत घडलेला वेगळेपणा काही पिढ्यांत विरघळू शकतो आणि तो हॅचरीत परत बनवता येत नाही. दुसरा धोका गाळाचा. ट्राउटची अंडी नदीतल्या खडीच्या फटींत असतात, वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन त्यांना लागतो. शेतातून किंवा जंगलतोडीतून गाळ वाहत आला, त्या फटी बुजल्या तर अंडी गुदमरतात. ग्लेनॅनिफच्या त्या खालच्या पट्ट्यात हे झालं तर सरोवरात ट्राउट भरपूर दिसतील, फक्त फेरॉक्स नसेल.