महाविद्यालयीन लाइनबॅकरांचे मूल्यमापन

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीमागे चार-पाच यार्डांवर उभ्या राहणाऱ्या खेळाडूंना लाइनबॅकर म्हणतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवून पाडणे, फेकलेला चेंडू झेलू पाहणाऱ्यावर पहारा ठेवणे आणि प्रसंगी थेट क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधार खेळाडूवर, चाल करून जाणे ही तिन्ही कामे त्यांच्याकडे असतात. महाविद्यालयीन सामन्यांत गाजलेला लाइनबॅकर नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, टिकेल की नाही हे ताडण्यासाठी लीगचे 32 संघ आपापले स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारी माणसे, नेमतात आणि त्यांच्या अहवालांच्या आधारे सात फेऱ्यांच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू घेण्याच्या प्रक्रियेत, निवड करतात. तीन आघाडीवीर आणि चार लाइनबॅकर अशा रचनेत बाहेरच्या टोकाला राहून मुख्यतः क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यांना वेगळ्या कसोट्या लावल्या जातात. प्रस्तुत नोंद फळीमागे उभ्या राहणाऱ्या लाइनबॅकरांपुरती आहे.

या जागेचे सारे मर्म चेंडू खेळात आल्यानंतरच्या पहिल्या क्षणात असते. समोरच्या गार्डची, म्हणजे चढाई करणाऱ्या संघाच्या आघाडीवीराची, पहिली हालचाल आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकची दिशा पाहून ही धाव आहे की पास हे लाइनबॅकरला ओळखावे लागते. एक पाऊल चुकीच्या दिशेला पडले, तर सुमारे 140 किलो वजनाचा ब्लॉक करणारा, म्हणजे अंगाने वाट अडवणारा, खेळाडू त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि मग वेगाचा फारसा उपयोग उरत नाही. म्हणूनच अनुभवी स्काउट मैदानावरील सर्व 22 खेळाडू दिसतील असे उंचावरून केलेले चित्रण पुन्हापुन्हा थांबवून पाहतात. खेळाडूने टॅकल केला का, म्हणजे धावणाऱ्याला पाडले का, यापेक्षा तो कधी निघाला, ब्लॉक करणाऱ्याचे हात त्याने कसे झटकले आणि धावणाऱ्याला कोणत्या कोनातून गाठले, हे त्यांना महत्त्वाचे वाटते. टॅकलची आकडेवारी या बाबतीत फसवी असते. फळीजवळच केलेला टॅकल आणि आठ यार्ड मागे हटल्यावर केलेला टॅकल हे दोन्ही एकच धरले जातात; शिवाय महाविद्यालयीन सामन्यांत ही मोजदाद यजमान संघाची माणसे करतात, त्यामुळे विभागून दिलेल्या टॅकलच्या नोंदींत एकसारखेपणा राहत नाही.

चित्रण वाचतानाही दोन स्तरांवरील नियमांतला फरक विसरून चालत नाही. महाविद्यालयीन खेळात पुढे पास फेकला जाण्यापूर्वी ब्लॉक करणारे आघाडीवीर तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, तर एनएफएलमध्ये ही मुभा एकाच यार्डाची आहे. धाव आणि पास यांतला पर्याय क्वार्टरबॅकच्या हाती शेवटपर्यंत राहील असे डाव महाविद्यालयांत इतके फोफावले, त्यामागे या नियमाचा मोठा वाटा आहे. अशा डावात लाइनबॅकरला मुद्दाम कोंडीत पकडले जाते. तो पुढे धावला तर त्याच्या पाठीमागे चेंडू फेकला जातो आणि थांबला तर धाव सफल होते. त्यामुळे चित्रणात दिसणारी अडखळ खेळाडूची आहे की नियमाने लादलेली, हे वेगळे काढावे लागते, आणि घाईत लिहिलेले अहवाल बहुतेक येथेच चुकतात.

मैदानावरील आडव्या खुणांचेही तसेच आहे. प्रत्येक डाव या खुणांवर किंवा त्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून सुरू होतो. सुमारे 48.8 मीटर रुंदीच्या मैदानात महाविद्यालयीन खुणांमधील अंतर 12.2 मीटर, तर एनएफएलमध्ये ते 5.6 मीटर असते. परिणामी महाविद्यालयीन खेळात चेंडू खुणेवर असला की एका बाजूला 30 मीटरहून अधिक मोकळे मैदान आणि दुसरीकडे जेमतेम 18 मीटर उरते. अनेक संघ एक लाइनबॅकर कायम रुंद बाजूला आणि दुसरा अरुंद बाजूला ठेवतात. अरुंद बाजूला तीन-चार वर्षे खेळलेल्या खेळाडूला मोकळ्या जागेत पाठलाग करण्याची सवय कितपत आहे, हे त्याच्या चित्रणातून पुरेसे कळत नाही.

शारीरिक मोजमापांचा मुख्य प्रसंग म्हणजे कम्बाइन हे शिबिर. 1987 पासून ते इंडियानापोलिस येथे भरते. 40 यार्डांची धाव, उंच आणि लांब उडी, शंकूंभोवतीची वळणे, 225 पौंडांचा भार उचलण्याच्या आवृत्त्या अशा चाचण्या तेथे होतात. लाइनबॅकरच्या बाबतीत 40 यार्डांच्या एकूण वेळेपेक्षा पहिल्या दहा यार्डांचा वेळ आणि वळताना राखलेला तोल अधिक बोलका ठरतो, कारण सरळ रेषेत इतके लांब धावण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. आजारपणामुळे 2012 च्या कम्बाइनला मुकलेला बॉबी वॅग्नर दुसऱ्या फेरीत 47 वा निवडला गेला आणि आपल्या पिढीतील अग्रगण्य लाइनबॅकर ठरला. उलट, 2009 मध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेल्या एरन करीजवळ सर्वोत्तम महाविद्यालयीन लाइनबॅकरला मिळणारा बटकस पुरस्कार, उत्तम शरीरयष्टी आणि 4.6 सेकंदांखालची धाव हे सारे होते. त्या वर्षीची सर्वांत निर्धोक निवड अशी त्याची ख्याती होती, तरी तिसऱ्याच हंगामात सिॲटलच्या संघाने त्याला दुसरीकडे पाठवले.

उंचीचा आग्रह तर अनेकदा अन्यायकारक ठरला आहे. पाच फूट नऊ इंचांच्या सॅम मिल्सला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नाही. दुसऱ्या एका लीगमध्ये नाव कमावून तो 1986 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संघाकडे आला. झॅक थॉमस 1996 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीपर्यंत, 154 व्या क्रमांकापर्यंत, शिल्लक राहिला. 2022 आणि 2023 मध्ये अनुक्रमे मिल्स आणि थॉमस यांची व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. कमी उंचीची भरपाई दोघांनीही डाव आधी ओळखून केली, आणि नेमका हाच गुण घड्याळाने किंवा फूटपट्टीने मोजता येत नाही.

अलीकडे पासचे प्रमाण वाढल्यामुळे एनएफएलमधील बहुतेक डावांत दोनच लाइनबॅकर मैदानात राहतात आणि तिसऱ्याची जागा मागे राहून पासवर पहारा देणारा जादा कॉर्नरबॅक किंवा सेफ्टी घेतो. त्यामुळे पहारा देण्याच्या कौशल्याला पूर्वीपेक्षा अधिक किंमत आली आहे. ब्रिगम यंग विद्यापीठात बाहेरच्या बाजूला, बहुधा झेल घेणाऱ्यांच्या समोर खेळलेला फ्रेड वॉर्नर 2018 मध्ये तिसऱ्या फेरीत निवडला गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोने त्याला मध्यभागी आणून बचावाचा कणा बनवले. मात्र केवळ चपळपणा पुरत नाही. क्लेमसन विद्यापीठाचा आयझाया सिमन्स 40 यार्ड 4.39 सेकंदांत धावला होता आणि महाविद्यालयात चार-पाच जागांवर खेळला होता. 2020 मध्ये तो आठव्या क्रमांकावर निवडला गेला, पण त्याची नेमकी जागा कोणती याचे उत्तर ॲरिझोनाला मिळाले नाही आणि 2023 मध्ये त्याला सातव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकण्यात आले. अष्टपैलू खेळाडूच्या बाबतीत तो पहिल्या दिवशी कोठे उभा राहील हे आधी ठरवणे म्हणूनच अगत्याचे असते.

मुलाखतीत खेळाडूला फळ्यावर डाव मांडायला लावून सहकाऱ्यांना तो कोणत्या सूचना देत असे ते विचारतात. 2008 पासून एनएफएलमध्ये बचाव करणाऱ्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो आणि हे काम बहुधा मधल्या लाइनबॅकरकडे येते. वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळात ही सोय 2024 मध्ये आली. वैद्यकीय तपासणीचे वजनही मोठे आहे. 2015 चा बटकस विजेता जेलन स्मिथ 1 जानेवारी 2016 रोजी गुडघ्याच्या अस्थिबंधांना आणि मज्जातंतूला इजा झाल्यामुळे 34 व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर डॅलसच्याच संघाचा होता, आणि त्याच संघाने त्याला निवडले.

चौथ्या फेरीनंतरच्या लाइनबॅकरांचा विचार वेगळ्या अंगाने होतो. पहिली दोन वर्षे त्यांना प्रामुख्याने किकच्या वेळी मैदानात उतरणाऱ्या विशेष पथकांत जागा मिळवावी लागते. पूर्वी त्यासाठी लांबून पूर्ण वेगाने धावत येऊन भिडण्याची तयारी पाहिली जाई. 2024 मध्ये किकऑफचा, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याचा, नियम बदलल्यापासून दोन्ही संघांचे बहुतेक खेळाडू जवळजवळ समोरासमोर उभे राहतात, आणि त्यामुळे थोड्या जागेत ब्लॉक सोडवून टॅकल करणारा खेळाडू या कामासाठी अधिक उपयुक्त ठरतो.