कडक बी आणि पाणीबंद बी

बी उगवत नाही म्हटलं की सल्ला ठरलेला: "कानशीने घास, नाहीतर फ्रीजमध्ये ठेव." जणू दोन्ही एकच औषध, हाताशी असेल ते द्यायचं. घासणं म्हणजे स्कॅरिफिकेशन, ते टरफलासाठी. ओली थंडी देणं म्हणजे स्ट्रॅटिफिकेशन, ते आतल्या गर्भासाठी. नावं सारखी वाजतात, निम्मा घोळ तिथेच होतो.

घासायचं कसं ते बहुतेकांना येतं. पॉलिश पेपर, कानस, नेलकटर, काहीही चालतं. आतला फिका थर दिसला की थांबायचं. बी शेंगेला जिथे चिकटलेली असते त्या बाजूला हात लावू नका, मूळ तिथूनच फुटतं. गरम पाणी वापरायचं तर उकळलेलं पाणी खाली उतरवून, जरा थांबून बियांवर ओता आणि रात्रभर निवू द्या. गॅसवर ठेवून उकळलेल्या बिया शिजतात, रुजत नाहीत. गंधकाम्लाची कृती सांगणाऱ्यांना तर माझा हात जोडून नमस्कार. दोन बियांसाठी डोळे धोक्यात घालायची गरज नाही.

आता खरी अडचण. लोक बी दाताखाली धरून ठरवतात: कडक आहे, म्हणजे घासायला हवी. पण प्रश्न टरफल किती कडक आहे हा नसून त्यातून पाणी आत जातं का, हा आहे. बाहवा, गुलमोहर, बाभूळ, कमळ यांच्या बियांचं आवरण पाणीबंद असतं. त्यात उभ्या पेशींचा दाट, एकमेकींना घट्ट चिकटलेला थर असतो आणि तो पाण्याला वाटच देत नाही. चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात सापडलेली कमळाची सुमारे 1300 वर्षांची बी उगवली होती, ती अशाच आवरणाच्या जिवावर टिकलेली.

पीचची किंवा चेरीची कोय घ्या. ती फोडायला हातोडी लागते, तरी पाणी तिच्यातून झिरपतं. काही दिवस भिजवून एखादी फोडून पाहा, आतली बी ओली झालेली दिसेल. पाणी पोचलं, पण गर्भ हिवाळ्याची वाट बघत थांबलाय. तिथे कानस चालवून काय साधणार? मीही एकदा अशा कोयी दुपारभर घासल्या. बोटं सोलली आणि दोन बियांना चिरा गेल्या. कोंब एकालाही नाही.

ओळखायची रीत सोपी आहे. बाहव्याच्या दहा बिया पाण्यात टाका. दुसऱ्या दिवशी बऱ्याचशा तशाच चपट्या, चकचकीत, टणक दिसतील. एखाददुसरी फुगून दुप्पट झालेली असेल. फुगलेली थेट पेरा, तिच्या टरफलाला आधीच कुठेतरी वाट मिळाली आहे. बाकीच्या घासा आणि पुन्हा भिजवा, त्याही फुगतील. कोयीचं फुगणं बाहेरून कळत नाही, म्हणून ती भिजवण्याआधी आणि नंतर वजन करून बघा.

फ्रीजबद्दल एकच तक्रार, पण मोठी. कोरडी बी पुडीत बांधून फ्रीजमध्ये ठेवणं ही साठवण झाली, स्ट्रॅटिफिकेशन नव्हे. गर्भाला थंडी कळायला तो आधी भिजलेला लागतो. ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 ते 5 अंशांवर, पीचला साधारण 3 महिने. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. फ्रीझरचा कप्पा तर नकोच, भिजलेली बी त्यात गोठून मरते.

काही बियांना दोन्ही लागतं, उदाहरणार्थ रेडबड, म्हणजे थंड प्रदेशातलं गुलाबी फुलांचं एक झाड. तिथे आधी घासायचं, भिजवायचं आणि मगच थंडीत ठेवायचं. उलट केलंत तर आत पाणीच नसतं आणि फ्रीजमधले ते महिने फुकट जातात.